नियंत्रण गटातील यकृत: हेलिकोबॅक्टर हेपॅटिकसचे प्रकरण

१९९२ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, फ्रेडरिक येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधन केंद्रात, दीर्घ मुदतीच्या एका विषशास्त्रीय अभ्यासातील उंदरांच्या ऊतींची तपासणी चालू होती. अशा अभ्यासात काही गटांना तपासायचे रसायन दिले जाते आणि एका गटाला काहीच दिले जात नाही. या दुसऱ्या गटाला नियंत्रण गट म्हणतात. गडबड आढळली ती नेमकी याच गटात. ज्यांच्या अंगाला कोणतेही रसायन लागलेले नव्हते, अशा उंदरांच्या यकृतात जुनाट आणि तरीही धुमसत असलेला दाह दिसला आणि त्यांच्यात यकृताच्या गाठींचे प्रमाणही वाढलेले निघाले. हे उंदीर ए/जेसीआर या वाणाचे होते. या वाणाच्या उंदरांना फुप्फुसाच्या गाठी सहज होतात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. यकृताच्या गाठींसाठी मात्र हा वाण कधीच ओळखला जात नव्हता.

रसायन दिलेल्या गटात हेच दिसले असते, तर त्याची नोंद रसायनाच्या नावावर झाली असती आणि विषय बहुधा तिथेच मिटला असता. नियंत्रण गटात दिसल्यामुळे ती सोय राहिली नाही. शिवाय शोध घेतल्यावर त्याच केंद्रातील आणखी काही वाणांच्या नरांमध्येही तोच विकार सापडला, त्यामुळे एखाद्या प्रयोगापुरता हा प्रकार मर्यादित नाही, तो प्राणिगृहातच वस्तीला आहे, हे स्पष्ट झाले.

यकृतात काय दिसत होते

या विकाराची पहिली अडचण अशी की जिवंत उंदराकडे पाहून तो ओळखता येत नाही. यकृत बिघडलेला उंदीर खातो, पितो, पिंजऱ्यात धावतो आणि वजनानेही फारसा मागे पडत नाही. शवविच्छेदनात यकृताच्या पृष्ठभागावर कधी बारीक पांढरट ठिपके दिसतात, तर कधी तेही दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तरुण उंदरांच्या यकृतात मृत पेशींची छोटी छोटी बेटे आणि त्यांभोवती जमलेल्या दाहपेशी एवढेच आढळते. वय वाढत जाते तसतशा यकृतपेशी फुगतात, काहींची केंद्रके अवाढव्य होतात, पित्तवाहिन्यांभोवती दाह पसरतो आणि अंडाकृती पेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान पेशींची दाटी होते. यकृताची सारखी झीज आणि सारखी डागडुजी चालू असल्याची ही खूण आहे, आणि वर्षानुवर्षे अशी डागडुजी करणाऱ्या ऊतीत गाठी उद्भवणे हे विकृतिशास्त्रात नवे नाही.

उंदरांच्या यकृताला दाह देणारी कारणे तेव्हाही माहीत होती. उंदरांचा एक यकृतदाह विषाणू आहे, आणि टिझरचा रोग घडवणारा एक जिवाणूही आहे. परंतु ती दुखणी साधारणतः वेगाने येतात, पेशी मोठ्या प्रमाणावर मारतात आणि उंदीर जगला तर ओसरतात. वर्षभर मंदपणे चालणारा आणि अखेरीस गाठींपर्यंत पोहोचणारा हा दाह त्या चौकटीत बसत नव्हता.

याच केंद्रातील जेरॉल्ड वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी यकृताचा लगदा निरोगी उंदरांच्या पोटात टोचून पाहिला आणि त्या उंदरांनाही यकृतदाह झाला. या एका प्रयोगाने आहार, पाणी, लाकडाचा भुसा आणि आनुवंशिकता या सर्व संशयितांना बाजूला केले. कारण यकृतात काहीतरी संक्रामक आहे, हे त्यातून सिद्ध झाले. ते काय आहे, हे पाहण्यासाठी ऊतीच्या कापांवर चांदीचे रंजन करण्यात आले. विकृतिशास्त्राच्या रोजच्या कामात वापरले जाणारे गुलाबी-जांभळे रंजन या जिवाणूच्या बाबतीत निरुपयोगी ठरते: त्याची जाडी एक मायक्रॉनच्या पावपट भरेल इतकी, म्हणजे ०.२ ते ०.३ मायक्रॉन आहे, आणि हा आकार प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेच्या अगदी काठावरचा आहे. चांदीच्या रंजनात धातूचे कण जिवाणूच्या पृष्ठभागावर साचतात, त्यामुळे तो मुळापेक्षा जाड होतो आणि पिवळसर पार्श्वभूमीवर काळा उमटतो. अशा कापांमध्ये दोन यकृतपेशींच्या मधल्या फटीत, जिथून पित्ताचा पहिला थेंब वाहू लागतो त्या सूक्ष्म नलिकेत, नागमोडी काळ्या रेघा दिसल्या. त्याही सर्वत्र नव्हत्या. बराच वेळ शोधल्यावर एखाद्या ठिकाणी एक-दोन सापडाव्यात इतक्या त्या विरळ होत्या. ज्या यकृतात एवढा दाह आहे, तिथे जिवाणू इतके थोडे का, हा प्रश्न तेव्हापासूनच या प्रकरणाला चिकटलेला आहे.

जिवाणूची ओळख

जिवाणू वाढवून त्याला नाव देण्याचे काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जेम्स फॉक्स आणि त्यांच्या गटाने पूर्णत्वाला नेले, आणि १९९४ साली दोन्ही बाजूंचे निबंध प्रसिद्ध झाले: एक रोगाविषयी, दुसरा हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस या नव्या जातीविषयी. हा जिवाणू ग्रॅम-ऋण आहे, दीड ते पाच मायक्रॉन लांब आहे, त्याला एक ते तीन वळसे असतात आणि दोन्ही टोकांना आवरणयुक्त एकेक कशाभ, म्हणजे पोहण्यासाठीची शेपटी, असते. तो ३७ अंश सेल्सिअसला वाढतो, २५ किंवा ४२ अंशांना वाढत नाही. त्याला ऑक्सिजन हवा असतो, पण अगदी थोडा. नेहमीच्या हवेत ठेवलेली बशी कोरीच राहते. रक्तयुक्त आगरवर त्याच्या सुट्या, गोल वसाहती क्वचितच दिसतात. बशीवर बहुधा एक पातळ, पसरत जाणारा थर तयार होतो, आणि काय शोधायचे हे माहीत नसलेला माणूस तो ओलावा समजून बशी टाकून देऊ शकतो. इतकी वर्षे हा जिवाणू नजरेआड कसा राहिला, याचे निम्मे उत्तर या बशीत आहे. उरलेले निम्मे असे की उंदरांच्या आरोग्यतपासणीच्या याद्यांमध्ये ठरावीक विषाणू, परजीवी आणि जिवाणू असत. जे यादीत नाही ते तपासले जात नसे, आणि ज्याची तपासणी झाली नाही त्यापासून प्राणिगृह मुक्त आहे असे प्रमाणपत्र मिळत असे.

या वंशातला माणसाला परिचित असलेला जिवाणू म्हणजे जठरातील व्रणांना कारणीभूत ठरणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो १९८० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणला, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या वर्गात घातले. जिवाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे मान्य करण्याची तयारी विज्ञानजगतात ज्या काळात होत होती, त्याच काळात उंदराच्या यकृतातला हा दुसरा जिवाणू समोर आला, म्हणून त्याच्याकडे लक्ष गेले; दहा वर्षे आधी तो सापडता, तर प्राणिगृहाच्या अंतर्गत अहवालापलीकडे गेला असता की नाही याची शंका वाटते.

दोघांत फरकही मोठा आहे. हेपॅटिकसचे खरे घर जठर नाही. ते अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी, आणि पुढचे मोठे आतडे हे आहे. तिथल्या श्लेष्मल थरात तो राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि विष्ठा खाण्याच्या उंदरांच्या सवयीमुळे एकाच पिंजऱ्यातल्या सर्वांत पसरतो. एकदा शिरला की तो आयुष्यभर राहतो. यकृतात तो आतड्यातून येतो. त्याच्या संपूर्ण जनुकसंचाची मांडणी २००३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा त्यात सुमारे १८ लाख आधारजोड्या, म्हणजे जनुकीय लिपीतील अक्षरांच्या जोड्या, आणि १,८७५ जनुके आढळली. पायलोरीची घातक म्हणून ओळखली जाणारी महत्त्वाची अस्त्रे त्यात नव्हती. मात्र यजमान पेशीच्या जनुकीय द्रव्यावर घाव घालून तिचे विभाजन रोखणारे एक विष आणि सुमारे ७१ हजार आधारजोड्यांचे, बाहेरून आलेले असावे असे दिसणारे एक जनुकबेट होते. युरियाचे विघटन करणारे विकर, म्हणजे एन्झाइमही, त्याच्याकडे भरपूर आहे. पायलोरीला ते जठरातील आम्लापासून बचावासाठी लागते. ज्याला जठरात राहायचेच नाही, त्याला ते कशासाठी हवे, हा प्रश्न साहजिक होता. हे विकर काढून टाकलेला जिवाणू आतड्यात व्यवस्थित वस्ती करतो, परंतु यकृतात पुरेसा दाह घडवू शकत नाही, असे पुढे फॉक्स यांच्याच गटाने दाखवले. विष काढून टाकलेल्या जिवाणूच्या बाबतीतही, यकृतपेशींचा कर्करोगपूर्व बदल कमी होतो असे त्यांना आढळले.

सर्व उंदीर सारखे बळी पडत नाहीत. ए/जेसीआर वाणाच्या नरांना रोग जोरात होतो, माद्यांना कमी; सी५७बीएल/६ हा जगभर सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर जिवाणू अंगावर वागवतो, पण त्याचे यकृत शाबूत राहते. म्हणजे जिवाणू असणे आणि रोग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा जिवाणू एकटाच यकृतदाह घडवू शकतो का, याचे उत्तर १९९६ साली जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांना केवळ त्याचाच संसर्ग देऊन मिळवण्यात आले, आणि ते होकारार्थी होते. त्या उंदरांना आतड्याचा दाहही झाला.

बारा अभ्यासांची फेरतपासणी

फ्रेडरिकमधील शोध त्या केंद्रापुरता राहिला असता, तर त्याला प्रकरण म्हणण्याचे कारण उरले नसते. खरा पेच उभा राहिला तो उत्तर कॅरोलायनातील राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमापुढे. एखादे रसायन माणसात कर्करोग घडवू शकते का, याचा निवाडा करताना अमेरिकेतच नव्हे, तर इतर देशांतही या कार्यक्रमाचे दोन वर्षांचे अभ्यास आधाराला घेतले जातात. त्यांची रीत ठरलेली आहे: दर गटात प्रत्येक लिंगाचे साधारण ५० प्राणी, मात्रेच्या चढत्या पायऱ्या आणि एक नियंत्रण गट. वापरला जाणारा उंदीर बी६सी३एफ१ हा संकरित, सी५७बीएल/६ मादी आणि सी३एच नर यांची पहिली पिढी. या संकराच्या नरांमध्ये यकृताच्या गाठी मुळातच मोठ्या प्रमाणात होतात, आणि त्यामुळे या उंदराच्या यकृताचा पुरावा किती मानावा हा वाद जुनाच होता. त्यात आता जिवाणूची भर पडली.

साठवलेल्या ऊती तपासल्यावर दोन वर्षांच्या बारा अभ्यासांतील उंदरांमध्ये हेलिकोबॅक्टर हेपॅटिकसचा संसर्ग आढळला. त्यांपैकी नऊ अभ्यासांतील अनेक नरांना यकृतदाहही होता; हे नऊ म्हणजे बाधित अभ्यास. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या फेरतपासणीत एक साधा आणि नेमका प्रश्न विचारण्यात आला: ज्यांना रसायन दिले नाही असे बाधित अभ्यासांतले नर आणि ज्यांना रसायन दिले नाही असे अबाधित अभ्यासांतले नर यांची थेट तुलना केली, तर काय दिसते? यकृतपेशींच्या गाठी आणि यकृतातील रक्तवाहिन्यांचा कर्करोग, म्हणजे हिमॅन्जिओसार्कोमा, हे दोन्ही बाधित अभ्यासांत वाढलेले होते. यकृताव्यतिरिक्त इतर कोणत्याही अवयवात फरक नव्हता. यकृतपेशींच्या गाठींतली वाढही ज्या नरांच्या यकृतात प्रत्यक्ष दाह होता त्यांच्यातच दिसत होती.

या तपासणीतील जनुकीय भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. बी६सी३एफ१ नरांच्या यकृतात आपोआप होणाऱ्या गाठींमध्ये एच-रास नावाच्या जनुकाच्या ६१ व्या संकेतस्थानी सीएए या अक्षरांच्या जागी एएए असा ठरावीक बदल वरचेवर आढळतो. तो या गाठींचा जणू हस्ताक्षराचा नमुना आहे. बाधित अभ्यासांतील नरांच्या गाठींमध्ये हा बदल कमी प्रमाणात सापडला. त्याचबरोबर दाह असलेल्या यकृतांमध्ये पेशींचे विभाजन आणि पेशींचा नियोजित मृत्यू, दोन्ही वाढलेले होते. गाठींची संख्या वाढली, एवढ्यावर कोणी म्हणू शकला असता की हा योगायोग आहे, एखाद्या वर्षी नियंत्रण गटाचे आकडे वर जातातच. परंतु वाढलेल्या गाठी नेहमीच्या वाटेने आलेल्या नाहीत, असे त्यांच्या जनुकांतूनच सूचित झाल्यावर तो युक्तिवाद लंगडा पडला.

निष्कर्ष तोलून मांडला गेला, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग तोच आहे. बारा अभ्यास रद्द करा, असे कोणी म्हटले नाही. आणि जिवाणू तर दोन्ही गटांत सारखाच होता, मग तुलना बिघडत नाही, ही सोयीची पळवाटही स्वीकारली गेली नाही. यकृतदाह असलेल्या अभ्यासांत यकृतावरील परिणामाचा अर्थ लावणे संशयास्पद ठरू शकते, इतकेच सांगितले गेले. इतर अवयवांविषयीचे निष्कर्ष तसेच उभे राहिले.

ती पळवाट का चालत नाही, हे थोडे उलगडून सांगायला हवे, कारण प्रथमदर्शनी ती पटते. संसर्ग सगळ्या गटांत असला, तरी दाहाची तीव्रता सगळ्या गटांत सारखी राहील याची शाश्वती नसते. दिलेले रसायन प्रतिकारशक्ती दाबत असेल, आतड्यातील जिवाणूंची घडी बदलत असेल, किंवा उंदराचे खाणे कमी करत असेल, तर रोगही गटागणिक कमी-जास्त होईल. रसायनाने जिवाणूला बळ दिले आणि जिवाणूने गाठी घडवल्या, तर त्या रसायनाला कर्करोगकारक म्हणायचे का? आणि उलट, रसायनाने जिवाणूच मारला आणि त्यामुळे गाठी कमी झाल्या, तर त्याला निर्धोक म्हणायचे का? शिवाय नियंत्रण गटातच गाठींचे प्रमाण चढलेले असेल, तर रसायनाचा लहानसा परिणाम त्या चढलेल्या पातळीखाली बुडून जातो. म्हणजे संसर्गामुळे निर्णय दोन्ही दिशांनी चुकू शकतो.

ट्रायइथेनॉलअमाइन: एक अभ्यास दोनदा

हा प्रश्न कागदावरचा नव्हता, हे दाखवायला ट्रायइथेनॉलअमाइनचे उदाहरण पुरेसे आहे. हे रसायन क्रीम, लोशन, शाम्पू यांत आणि धातूकामातील कटिंग ऑइलमध्ये वापरले जाते. म्हणजे घरातल्या फडताळापासून कारखान्यातल्या लेथपर्यंत लाखो लोकांच्या त्वचेशी त्याचा संबंध येतो. राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ते उंदरांच्या त्वचेवर लावून दोन वर्षे पाहिले. नरांना शरीराच्या दर किलो वजनामागे २००, ६३० आणि २,००० मिलिग्रॅम, माद्यांना १००, ३०० आणि १,००० मिलिग्रॅम अशा मात्रा होत्या. यकृताच्या गाठींमध्ये वाढ दिसली. पण त्याच यकृतांमध्ये हेलिकोबॅक्टर हेपॅटिकसही होता.

१९९९ सालच्या अहवालात त्यामुळे एक विरळा शेरा मारावा लागला. याच अभ्यासाच्या, रॅट या मोठ्या उंदरांवरील भागाचा निष्कर्ष देण्यात आला. उंदरांवरील भाग मात्र अपुरा ठरवण्यात आला, कारण जिवाणूच्या संसर्गामुळे रसायन आणि यकृतातील गाठी यांचा संबंध सांगता येत नव्हता. शेकडो उंदीर, दोन वर्षांचा काळ, त्यानंतर हजारो काचपट्ट्यांचे वाचन, आणि हाती आलेले उत्तर असे की उत्तर देता येत नाही. ज्यांना या कामाच्या खर्चाची आणि श्रमांची कल्पना आहे, त्यांना हा शेरा लिहिणे किती जड गेले असेल हे वेगळे सांगायला नको. आणि तो लिहिला गेला म्हणूनच त्या संस्थेच्या बाकीच्या शेऱ्यांवर भरवसा ठेवता येतो.

उंदरांचा अभ्यास पुन्हा करण्यात आला आणि त्याचा अहवाल २००४ साली आला. या वेळी माद्यांमध्ये यकृतपेशींच्या सौम्य गाठी वाढलेल्या दिसल्या आणि त्याला काही प्रमाणात पुरावा असल्याचा दर्जा मिळाला. नरांमध्ये यकृतातील हिमॅन्जिओसार्कोमा दिसला, पण तो ठामपणे काही म्हणता येईल इतका नव्हता, म्हणून तो पुरावा संदिग्ध मानला गेला. येथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट अशी की १९९८ च्या फेरतपासणीत जिवाणूशी संबंधित म्हणून नोंदवलेल्या दोन प्रकारच्या गाठींपैकी हिमॅन्जिओसार्कोमा ही एक होती. पहिल्याच अभ्यासावर निर्णय दिला असता, तर नरांमधील अशी गाठ रसायनाची की जिवाणूची, हे कोणालाच सांगता आले नसते. दुसऱ्या अभ्यासानंतरही उत्तर संदिग्धच आले, परंतु ही संदिग्धता रसायनाविषयीची होती, पिंजऱ्यात नकळत आलेल्या पाहुण्याविषयीची नव्हती. नियम करणाऱ्याच्या दृष्टीने या दोन संदिग्धतांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आतड्याची बाजू

यकृताचा विकार जसा काही वाणांपुरता आहे, तसा आतड्याचा विकार मुख्यतः प्रतिकारशक्तीत उणीव असलेल्या उंदरांत होतो, आणि तिथे तो अधिक उघडपणे दिसतो. लिम्फपेशींचा अभाव असलेल्या उंदरांमध्ये नैसर्गिकरीत्या हा संसर्ग झाला, तर अंधांत्राची आणि मोठ्या आतड्याची भिंत जाड होते, जुलाब होतात आणि काही उंदरांचे गुदाशय बाहेर येते. प्राणिगृहात काम करणाऱ्याला पिंजरा बदलताना हे शेपटीखालचे लाल बोंड प्रथम दिसते. यकृताच्या बाबतीत अशी कोणतीही बाह्य खूण मिळत नाही.

याच दुखण्यामुळे हा जिवाणू उपद्रवाचा विषय न राहता संशोधनाचे साधन झाला. इंटरल्यूकिन-१० हा दाह आवरणारा संदेशवाहक ज्यांच्यात नाही अशा उंदरांना आतड्याचा जुनाट दाह होतो, हे १९९३ साली समजले होते. परंतु तो एका प्राणिगृहात होई, दुसऱ्यात होत नसे, आणि कधी सौम्य, कधी तीव्र असे. १९९८ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील एका गटाने दाखवले की विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेल्या अशा उंदरांना हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस दिला की दाह होतो आणि दिला नाही तर होत नाही, आणि या दाहात इंटरल्यूकिन-१२ व इंटरफेरॉन-गॅमा या दाह वाढवणाऱ्या संदेशवाहकांचा हात असतो. त्यानंतर इंटरल्यूकिन-२३ हा याहून महत्त्वाचा दुवा असल्याचे २००६ च्या सुमारास पुढे आले. माणसातील क्रोन रोग आणि आतड्याचा व्रणयुक्त दाह यांवर आज इंटरल्यूकिन-२३ रोखणारी औषधे वापरली जातात. त्यांच्यामागील समज तयार होण्यात या उंदरांचाही वाटा आहे.

मात्र चित्र इतके सरळ नाही. इंटरल्यूकिन-१० नसलेल्या, पण पूर्णतः जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांना २००० साली केवळ हाच एक जिवाणू दिला गेला, तेव्हा आतड्याचा दाह झाला नाही. म्हणजे या उंदरांत त्याला सोबती लागतात. २००८ साली उलट बाजूने पुरावा आला: बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस या आतड्यातील दुसऱ्या जिवाणूने बनवलेली एक बहुशर्करा दिली, तर हेपॅटिकसने घडवलेला दाह टळतो. आणि २०१८ साली न्यूयॉर्कमधील एका गटाने दाखवले की निरोगी उंदरात हाच जिवाणू सी-मॅफ या घटकावर अवलंबून असणाऱ्या नियामक टी-पेशी तयार करवतो, आणि त्या पेशी प्रतिकारशक्तीला त्याच्याशी जुळवून घ्यायला लावतात. त्या पेशी नाहीशा केल्या की तीच प्रतिकारशक्ती त्याच जिवाणूवर तुटून पडते आणि आतडे पोळून निघते. हेपॅटिकसला रोगजंतू म्हणावे की रहिवासी, याचा निर्णय त्यामुळे जिवाणूकडे पाहून होत नाही, यजमानाकडे पाहून करावा लागतो. यकृतात विरळ जिवाणू आणि भरपूर दाह का, या सुरुवातीच्या प्रश्नाचाही रोख बहुधा याच दिशेने आहे.

बंदोबस्त

उपाय करताना प्रथम आपल्याकडे जिवाणू आहे का, हे पाहावे लागते, आणि ते विष्ठेच्या लेंड्यांवर पीसीआर तपासणी करून कळते. पहारेकरी म्हणून ठेवलेल्या निरोगी उंदरांच्या पिंजऱ्यात इतर पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा टाकून काही आठवड्यांनी त्यांची तपासणी करण्याची पद्धतही रूढ आहे. यकृताच्या काचपट्टीवर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण प्रतिरोधी वाणाचा उंदीर निरोगी यकृत दाखवत संसर्ग पसरवत राहतो.

आढळल्यास औषधाचा मार्ग आहे: अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल आणि बिस्मथ ही माणसातील पायलोरीवर वापरली जाणारी तिकडीच नळीने थेट जठरात दिली तर जिवाणू जातो. पण हजारो पिंजऱ्यांच्या प्राणिगृहात प्रत्येक उंदराला रोज नळी घालणे अशक्यप्राय आहे, आणि एक पिंजरा सुटला तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून खात्रीचा मार्ग म्हणजे भ्रूण धुऊन निरोगी मादीच्या गर्भाशयात रोवणे. संसर्ग मुख्यतः विष्ठेतून होत असल्याने, जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिल्ले उचलून निरोगी दाईमादीच्या कुशीत देण्याचा स्वस्त मार्गही अनेकदा यशस्वी होतो.

एवढे करूनही जिवाणू जगातून हटलेला नाही. अनेक देशांतील ३४ संस्थांच्या उंदरांची तपासणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ८८ टक्के संस्थांमध्ये हेलिकोबॅक्टर वंशाची कोणती ना कोणती जाती सापडली. जनुक बदललेले उंदीर एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे पाठवले जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आतडेही प्रवास करते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र किंवा खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांसारख्या, उंदरांवर काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेला बाहेरून वाण आणताना हा विचार करावाच लागतो, आणि विलगीकरणातील तपासणीच्या यादीत हेलिकोबॅक्टर आहे की नाही हे वाण मागवणाऱ्या संशोधकाने स्वतः विचारलेले बरे.

बंदोबस्ताचा एक अनपेक्षित परिणामही झाला. भ्रूणरोपणाने उंदीर स्वच्छ केल्यावर काही प्रयोगशाळांमधील आतड्याच्या दाहाचे प्रारूपच नाहीसे झाले. जनुकीय उणीव तीच होती, पण उंदीर आजारी पडेनात. आता अशा ठिकाणी संशोधक हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस शुद्ध स्वरूपात वाढवतात, मात्रा मोजून उंदरांना मुद्दाम पाजतात, आणि निबंधाच्या कार्यपद्धतीच्या भागात त्याचा प्रकार आणि दिलेल्या मात्रांची संख्या नोंदवतात.